वार्धक्य, यकृत आणि रक्ताचा ओघ

दक्षिण दिल्लीत लक्ष्मीबाई नगर नावाची एक वसाहत आहे. झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत मुख्यतः केंद्र सरकारच्या सेवकांची निवासस्थाने आहेत. येथे राहणाऱ्या कर्त्या माणसाच्या आयुष्यातील एक तारीख पुष्कळ वर्षे आधी निश्चित झालेली असते, आणि ती म्हणजे सेवानिवृत्तीची. १९६२ सालापूर्वी निवृत्तीचे हे वय ५५ वर्षांचे होते; त्या वर्षी ते ५८ करण्यात आले आणि १९९८ मध्ये ६० झाले. सेवेची मर्यादा अशी नियमाने पुढेमागे करता येते. शरीरातील इंद्रियांना मात्र असा नियम लागू नाही. प्रत्येक इंद्रिय आपापल्या गतीने वृद्ध होत असते, आणि त्यांतील काही तर इतक्या मूकपणे की, खुद्द त्या शरीराच्या धन्यासही त्याची वार्ता लागत नाही. यकृत हे अशा मूक इंद्रियांपैकी एक होय.

अशा वसाहतींतील अनेक घरांत कर्त्या माणसांचे वृद्ध आईवडीलही गावाकडून येऊन राहिलेले असतात. त्यांच्या उशाशी औषधांचा एक डबा असतो. रक्तदाबाची गोळी, सांधेदुखीची गोळी, झोपेची गोळी, आणि गावच्या वैद्याने दिलेली एखादी पुडी. दवाखान्यात रक्त तपासले असता यकृताचा अहवाल निर्दोष येतो. तरीही जी गोळी चाळिशीत बिनतक्रार मानवत होती, तीच पंचाहत्तरीत घेतल्यावर भोवळ येते, तोल जातो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगी राहते. यकृत निर्दोष असेल तर हे का घडावे? या प्रश्नाचे उत्तर यकृताच्या पेशींत जेवढे आहे, त्याहून अधिक त्या पेशींपर्यंत पोहोचणाऱ्या रक्ताच्या वाटेत आहे. त्या वाटेचाच शोध येथे घ्यावयाचा आहे.

काळीज आणि यकृत

मराठीत काळीज म्हटले की आपल्या मनात हृदय येते. परंतु दिल्लीच्या बाजारात जाऊन खाटकाकडे कलेजी मागितली, तर तो यकृताचा तुकडा तोडून देईल. काळीज आणि कलेजा हे दोन्ही शब्द यकृतवाचक अशा एका जुन्या संस्कृत शब्दापासून आलेले आहेत. मराठीने पुढे तो शब्द हृदयाच्या पदरात टाकला. धैर्य, माया आणि वेदना यांचे स्थान आपल्या पूर्वजांनी एकेकाळी यकृतात मानले होते, याची ही भाषेतील खूण समजावयास हरकत नाही.

यकृत उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड, श्वासपटलाखाली असते. प्रौढ मनुष्यात त्याचे वजन सुमारे सव्वा ते दीड किलोग्रॅम भरते. शरीराच्या पोकळीतील हे सर्वांत मोठे इंद्रिय होय. आतड्यांतून आलेल्या अन्नरसाची छाननी करणे, शर्करेचा साठा करून तो गरजेनुसार रक्तात सोडणे, रक्तातील प्रथिने घडविणे, पित्त तयार करणे, आणि बाहेरून आलेली औषधे व विषे यांचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करून त्यांना शरीराबाहेर जाण्यायोग्य बनविणे, अशी त्याची अनेक कामे आहेत. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने १८५७ मध्ये यकृतातून ग्लायकोजेन हा शर्करेचा साठा वेगळा करून दाखविला. तेव्हापासून यकृताला शरीराची रसायनशाळा मानले जाऊ लागले. परंतु कोणतीही रसायनशाळा कितीही सुसज्ज असली, तरी कच्चा माल तिच्या दारापर्यंत आला तरच तिचा उपयोग. यकृताचा कच्चा माल रक्तातून येतो.

दोन वाटांनी येणारे रक्त

बहुतेक इंद्रियांना रक्त एकाच प्रकारच्या वाहिनीने मिळते. हृदयातून निघालेली रोहिणी तेथे पोहोचते आणि काम झालेले रक्त नीलेतून परत जाते. यकृताची व्यवस्था याहून निराळी आहे. त्याला रक्त दोन वाटांनी मिळते. एक वाट यकृत रोहिणीची. तिच्यातून प्राणवायूने समृद्ध असे ताजे रक्त येते. दुसरी वाट प्रवेशिका नीलेची. जठर, आतडी, प्लीहा व स्वादुपिंड यांतून फिरून आलेले सर्व रक्त या नीलेत एकत्र होते आणि हृदयाकडे परतण्यापूर्वी यकृतात शिरते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश या दुसऱ्या वाटेने येते. त्यात प्राणवायू कमी असला तरी रक्ताचे प्रमाण मोठे असल्यामुळे यकृताच्या प्राणवायूपैकी जवळजवळ अर्धा वाटा तेच पुरविते.

निरोगी तरुण मनुष्याच्या यकृतातून दर मिनिटास सुमारे दीड लिटर रक्त वाहते. हृदय एका मिनिटात जेवढे रक्त बाहेर लोटते, त्याचा हा जवळजवळ चौथा हिस्सा होय. शरीरात एकूण रक्त सुमारे पाच लिटर धरले, तर तेवढे रक्त यकृतातून जावयास साडेतीन मिनिटांहूनही कमी वेळ लागतो. एका दिवसाचा हिशेब केला तर ही संख्या २,१६० लिटर भरते.

यकृतात शिरल्यावर दोन्ही वाटांचे रक्त एकत्र मिसळते आणि अतिसूक्ष्म अशा मार्गांतून झिरपत जाते. या मार्गांना कोटरिका म्हणतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना यकृतपेशींच्या ओळी असतात. ज्याने शेताला पाटाचे पाणी दिले आहे, त्यास हे चित्र सहज कळेल. मुख्य कालव्यातून पाट फुटतो, पाटातून चाऱ्या निघतात, आणि चारीतील पाणी दोन्ही अंगांच्या सऱ्यांत मुरते. यकृतपेशी ही जमीन, प्रवेशिका नीला हा कालवा आणि कोटरिका या चाऱ्या होत. जमीन तीच असूनही पीक कमी आले, तर जाणता शेतकरी आधी पाणी कोठे अडले ते पाहतो.

प्रवाह मोजण्याची युक्ती

जिवंत माणसाच्या पोटात खोलवर असलेल्या इंद्रियातून किती रक्त वाहते, हे मोजणे सोपे नव्हते. १९४५ मध्ये अमेरिकेत स्टॅन्ली ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याकरिता एक युक्ती वापरली. यकृत ज्याला रक्तातून उचलून घेते असे एक रंगद्रव्य त्यांनी ठराविक गतीने रक्तात सोडले आणि एक बारीक नळी शिरेवाटे यकृताच्या निर्गमन नीलेपर्यंत नेऊन तेथील रक्ताचा नमुना घेतला. यकृतात शिरणाऱ्या आणि तेथून बाहेर पडणाऱ्या रक्तातील रंगद्रव्याचे प्रमाण त्यांनी ताडून पाहिले.

त्यामागील गणित शाळेतील विद्यार्थ्यासही जमण्यासारखे आहे. समजा, यकृत दर मिनिटास ६ मिलिग्रॅम रंगद्रव्य काढून टाकते. आणि समजा, यकृतातून जाताना प्रत्येक लिटर रक्तातील ४ मिलिग्रॅम रंगद्रव्य कमी होते. तर त्या मिनिटात यकृतातून ६ भागिले ४, म्हणजे दीड लिटर रक्त गेले असले पाहिजे. पुढे इंडोसायनीन ग्रीन नावाचे हिरवे रंगद्रव्य उपयोगात आले. ते जवळजवळ केवळ यकृतच रक्तातून उचलते. त्यामुळे नळी आत न घालताही प्रवाहाचा अंदाज करता येऊ लागला. त्यानंतर कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींच्या साहाय्याने यकृताचे आकारमान व नीलेतील रक्ताचा वेग बाहेरूनच मोजण्याची पद्धती आली.

या साधनांनी निरनिराळ्या वयांच्या निरोगी माणसांची मापे घेण्यात आली. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील संशोधकांनी १९८९ मध्ये २४ ते ९१ वर्षे वयाच्या ६५ निरोगी व्यक्तींच्या यकृताचे आकारमान व रक्तप्रवाह मोजला. वय वाढत जाते तसतशी ही दोन्ही मापे कमी होत जातात, असे त्यांना आढळले. अशा अनेक अभ्यासांवरून सामान्यतः असे मानले जाते की, तारुण्यापासून वार्धक्यापर्यंत यकृताचे आकारमान २० ते ४० टक्क्यांनी आणि त्यातील रक्तप्रवाह ३५ ते ५० टक्क्यांनी घटतो. व्यक्तिव्यक्तींत फरक पुष्कळ असतो. तथापि दिशा एकच दिसते.

टक्क्यांची भाषा सोडून पाहू. दर मिनिटाच्या दीड लिटर रक्तातून ३५ टक्के वजा केले, तर जवळजवळ एक लिटर उरते. तरुणाच्या यकृतातून दिवसाला २,१६० लिटर रक्त गाळून निघत होते. वृद्धाच्या यकृतातून सुमारे १,४०० लिटर निघते. म्हणजे दररोज सातशे लिटरांहून अधिक रक्ताची यकृताशी भेटच होत नाही.

ही घट का होते? वयाबरोबर आतडी, प्लीहा इत्यादी पोटातील इंद्रियांकडे जाणारा रक्ताचा ओघ मंदावतो, आणि प्रवेशिका नीला ही तर या इंद्रियांच्याच रक्तावर अवलंबून असलेली. उगमाशीच पाणी कमी झाले की कालवाही आटतो. नीलेतील प्रवाह कमी होताच यकृत रोहिणी काहीशी रुंदावून जास्त रक्त सोडते आणि तूट भरून काढू पाहते. परंतु एक चतुर्थांश वाटा उचलणाऱ्या वाहिनीने तीन चतुर्थांशाची संपूर्ण भरपाई करावी, ही अपेक्षा अवाजवी ठरेल.

चाळणीची छिद्रे

रक्त कमी येते, ही गोष्टीची एक बाजू झाली. आलेले रक्त पेशींना कितपत भेटते, ही दुसरी.

शरीरातील इतर केशवाहिन्यांच्या आणि यकृतातील कोटरिकांच्या भिंतींत एक महत्त्वाचा भेद आहे. शास्त्रज्ञ एडी विसे यांनी १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कोटरिकांचे निरीक्षण केले, तेव्हा त्यांच्या भिंतीत चाळणीसारखी असंख्य छिद्रे स्पष्ट दिसून आली. एकेका छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा असतो. त्यांतून रक्तपेशी जाऊ शकत नाहीत. परंतु रक्तद्रव, त्यात विरघळलेली औषधे आणि स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म कण सहज पलीकडे जाऊन यकृतपेशींच्या अंगास भिडतात. ही चाळणी आहे म्हणूनच यकृताला इतक्या त्वरेने रक्ताची छाननी करता येते.

ऑस्ट्रेलियातील डेव्हिड ल कूटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वृद्ध उंदरांच्या यकृताविषयीचे आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांत कोटरिकांची भिंत जाड झालेली, छिद्रांची संख्या जवळजवळ निम्म्याने घटलेली, आणि भिंत व पेशी यांमधील फटीत तंतुमय द्रव्य साचलेले त्यांना दिसले. पुढे वानरांत आणि मनुष्यातही असेच बदल आढळून आले. यकृताची कोटरिका वयोमानाने शरीराच्या इतर भागांतील साध्या केशवाहिनीसारखी दिसू लागते. हा कोणताही रोग नव्हे. यकृताचा दाह किंवा सूत्रण नसतानाही हे घडते. चारीच्या काठांवर गाळ बसावा आणि पाणी सऱ्यांत मुरावयाचे सोडून पुढे वाहून जावे, तसाच हा प्रकार होय.

या बदलाचा परिणाम केवळ औषधांपुरता नाही. जेवणातील तूप-तेलापासून बनलेले स्निग्ध कण जेवणानंतर काही तास रक्तात फिरत असतात. त्यांचे अवशेष चाळणीच्या छिद्रांतून यकृतात शिरतात आणि तेथे त्यांची विल्हेवाट लागते. छिद्रे कमी झाली की हे अवशेष रक्तात अधिक काळ रेंगाळतात. वृद्धांच्या रक्तात जेवणानंतर स्निग्धांश अधिक वेळ टिकून राहतो, त्याचे एक कारण येथे असावे, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. सणावाराच्या जेवणानंतर नातवाचे रक्त जितक्या लवकर निवळते, तितक्या लवकर आजोबांचे निवळत नाही.

पेशी मात्र तरुण

आता जमिनीकडे, म्हणजे खुद्द यकृतपेशींकडे वळू. त्याही वृद्ध होत असतील असे साहजिकच वाटते. वृद्धांच्या यकृताचा रंग काहीसा तपकिरी दिसतो. पेशींत वर्षानुवर्षे साचत गेलेले लायपोफ्युसिन नावाचे रंजकद्रव्य त्यास कारणीभूत असते. परंतु पेशींचे वय प्रत्यक्ष मोजल्यावर एक आश्चर्यकारक गोष्ट उघड झाली.

हे वय मोजण्याचे साधन अणुबाँबच्या चाचण्यांनी नकळत उपलब्ध करून दिले. १९५० नंतरच्या काळात वातावरणात झालेल्या चाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सर्गी कार्बनाचे प्रमाण एकदम वाढले. १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते हळूहळू उतरत गेले. वनस्पती तो कार्बन घेतात, त्यांच्यापासून तो आपल्या अन्नात येतो, आणि पेशी जन्मताना तिच्या केंद्रातील आनुवंशिक द्रव्यात त्या वर्षाचे प्रमाण कायमचे नोंदले जाते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी २०२२ मध्ये या नोंदीच्या आधारे २० ते ८४ वर्षे वयाच्या व्यक्तींच्या यकृतपेशींचे वय काढले. ते सरासरीने तीन वर्षांहूनही कमी भरले. आणि वीस वर्षांच्या तरुणात व चौऱ्याऐंशी वर्षांच्या वृद्धात त्यात विशेष अंतर आढळले नाही. काही पेशी दहा वर्षांपर्यंत टिकतात; परंतु बहुसंख्य पेशी सतत नव्या होत असतात.

यकृताची ही नवनिर्मितीची शक्ती प्रसिद्ध आहे. उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला तरी काही दिवसांत ते पूर्ववत वजनाचे होते, हे १९३१ मध्ये हिगिन्स व अँडरसन यांनी दाखविले. दिल्लीत १९९८ मध्ये भारतातील पहिले यशस्वी यकृतारोपण झाले. त्यानंतर आपल्या देशात जी आरोपणे होऊ लागली, त्यांपैकी बहुतेकांत जिवंत नातलगाच्या यकृताचा एक भाग घेतला जातो. मुलगा पित्याला यकृताचा मोठा हिस्सा देतो आणि काही आठवड्यांत दोघांचीही यकृते वाढून मोठी होतात. तथापि दाता सामान्यतः पन्नास-पंचावन्न वर्षांच्या आतील असावा, याकडे शल्यविशारद लक्ष देतात. वय वाढल्यावर ही शक्ती नाहीशी होत नाही, परंतु ती मंदावते.

मंदावण्याचे कारण पेशींत आहे की त्यांच्या भोवतालात? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये एका तरुण व एका वृद्ध उंदराचा रक्तप्रवाह शस्त्रक्रियेने एकमेकांस जोडला. तरुणाचे रक्त वृद्धाच्या शरीरात खेळू लागताच वृद्ध यकृतपेशींच्या विभाजनास पुन्हा चालना मिळाली. या एका प्रयोगावरून मनुष्यासाठी औषध सापडले असे मानणे चुकीचे होईल. परंतु पेशीची अंगची शक्ती शाबूत असते आणि तिच्यापर्यंत येणाऱ्या रक्तावर पुष्कळ काही अवलंबून असते, हा निष्कर्ष त्यातून दृढ होतो.

दिसणारा रोग आणि न दिसणारे वय

यकृताचा रोग आणि यकृताचे वार्धक्य यांत किती अंतर आहे, हे कळण्यास दिल्लीच्याच इतिहासातील एक घटना उपयोगी पडेल. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचे घाण पाणी वजीराबाद येथील शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरले. डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या वेळी जतन केलेले रक्ताचे नमुने पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील व अमेरिकेतील संशोधकांनी तपासले. ही साथ त्या काळी ज्ञात असलेल्या कावीळ विषाणूंची नव्हती, हे १९८० मध्ये सिद्ध झाले. आज तो विषाणू हेपॅटायटिस ई या नावाने ओळखला जातो. या साथीत बळी गेले, त्यांत गर्भवती स्त्रियांची हानी विशेष झाली. परंतु बहुसंख्य रुग्ण बरे झाले आणि त्यांच्या यकृताने नव्या पेशी निर्माण करून आपली झीज भरून काढली.

ही कावीळ लपून राहिली नाही. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली. रक्त तपासले असते तर बिलिरुबिन वाढलेले दिसले असते. जखमी पेशी फुटतात तेव्हा त्यांच्यातील एंझाइमे रक्तात सांडतात; तीही मोजता येतात. आपल्या नेहमीच्या यकृत तपासण्या मुख्यतः या सांडलवंडीचा हिशेब ठेवतात. परंतु वार्धक्यात पेशी फुटत नाही, काही सांडत नाही. बिलिरुबिन, एंझाइमे आणि रक्तातील अल्ब्युमीन ही निरोगी वृद्धातही बहुधा ठरलेल्या मर्यादेतच राहतात. प्रवाह तृतीयांशाने घटलेला असला, तरी ही तपासणी त्याविषयी काहीच सांगत नाही. अहवाल खोटा नसतो. त्याला विचारलेला प्रश्नच निराळा असतो. म्हणूनच वृद्धाच्या हातातील निर्दोष अहवालाचा अर्थ एवढाच घ्यावयाचा की, यकृतास रोग दिसत नाही. तरुणाएवढे औषध त्यास पचेल असा त्याचा अर्थ होत नाही.

गोळीचा हिशेब

गिळलेली गोळी आतड्यांत विरघळते, प्रवेशिका नीलेत येते आणि शरीरात इतरत्र जाण्यापूर्वी प्रथम यकृतातून जाते. काही औषधांचा मोठा भाग या पहिल्याच फेरीत नष्ट होतो. हृदयशूळाची गोळी जिभेखाली ठेवावयास सांगतात, त्याचे कारण हेच. जिभेखालील वाहिन्यांतून ती सरळ रक्तात जाते आणि यकृताचा हा पहिला जकातनाका चुकविते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या औषधाच्या १०० भागांपैकी तरुणाचे यकृत पहिल्या फेरीत ९० भाग काढून टाकते आणि १० भाग शरीरात पोहोचतात. डॉक्टरांनी ठरविलेली मात्रा या १० भागांच्या हिशेबाने बेतलेली असते. वृद्धाच्या यकृताची कार्यक्षमता थोडी उतरून ते ९० ऐवजी ८० भागच काढू शकले, असे धरा. यकृताच्या दृष्टीने ही घट नवव्या हिश्शाची; परंतु शरीरात पोहोचणारे औषध १० चे २० भाग, म्हणजे दुप्पट झाले. इंद्रियातील लहानशा बदलाचा परिणाम असा मोठा होऊन अनुभवास येतो. रक्तदाब व हृदयविकार यांवरील प्रोप्रॅनोलॉल व व्हेरापामिल आणि वेदनाशामक मॉर्फीन ही या वर्गातील औषधे होत. ती रक्तातून किती वेगाने दूर होतील, हे मुख्यतः यकृतातील प्रवाहावर अवलंबून असते.

सर्वच औषधांची गत अशी नाही. काही औषधांचे यकृतात आधी ऑक्सिडीकरण व्हावे लागते. ही क्रिया वयोमानाने मंदावते. काहींचा दुसऱ्या एखाद्या रेणूशी संयोग घडवून त्यांस बाहेर काढले जाते. ही क्रिया वार्धक्यातही बरीचशी टिकून असते. म्हणून वृद्धास झोपेचे वा चिंताशामक औषध द्यावयाचे झाल्यास वैद्य पुष्कळदा दुसऱ्या प्रकारातील औषध निवडतात. डायझेपामसारखे औषध वृद्धाच्या शरीरात कित्येक दिवस रेंगाळते. त्यात केवळ यकृताचाच दोष नसतो. वयाबरोबर शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते आणि हे औषध त्या चरबीत दडून बसते. मूत्रपिंडांची शक्तीही याच काळात उतरत असते. तात्पर्य, वृद्धाचे शरीर ही तरुणाच्या शरीराची केवळ थकलेली प्रत नसून तेथील हिशेबच वेगळा असतो.

हा हिशेब चुकला तर त्याचे परिणाम पुस्तकात राहत नाहीत. रक्तदाबाची मात्रा जास्त झाली की वृद्ध मनुष्य पहाटे अंथरुणातून उठताना कोलमडतो. झोपेच्या गोळीची गुंगी राहिली की न्हाणीघरात पाय घसरतो. खुब्याचे हाड मोडते, आणि जो मनुष्य काल संध्याकाळी बागेत फिरून आला होता, तो महिनोन्‌महिने खाटेस खिळतो. घरातील माणसे म्हणतात, वय झाले. पुष्कळदा वयाला अपराधी ठरविण्याआधी औषधांचा डबा उघडून पाहणे अधिक न्यायाचे ठरेल.

घरी घ्यावयाची काळजी

यावरून कोणी आपल्या मनाने औषध कमी करावे किंवा बंद करावे, असा अर्थ काढू नये. रक्तदाबाचे वा हृदयाचे औषध एकाएकी थांबविणे जास्त झालेल्या मात्रेइतकेच घातक ठरू शकते. वृद्धांवर उपचार करणारे डॉक्टर साधारणतः एक नियम पाळतात. तो असा की, नव्या औषधाचा प्रारंभ अल्प मात्रेने करावा आणि ती सावकाश वाढवावी. या नियमाचे कारण आता वाचकाच्या ध्यानात आले असेल.

घरच्यांनी करावयाचे काम साधे आहे. वृद्ध व्यक्ती घेत असलेल्या सर्व औषधांची यादी एका कागदावर लिहून प्रत्येक भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावी. केंद्र सरकारच्या सेवकांसाठी दिल्लीत १९५४ मध्ये आरोग्य योजना सुरू झाली. तिच्या दवाखान्यातील औषध, गावाकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी, नाक्यावरील दुकानातून आणलेली सर्दीची गोळी आणि झाडपाल्याचा काढा, हे सर्व त्या यादीत असावे. झाडपाल्याचे म्हणजे निर्धोकच, ही समजूत बरोबर नाही. त्याचीही विल्हेवाट लावण्याचे काम बहुतांशी यकृतावरच पडते. पॅरासिटामॉल हे परिचित औषध अनेक नावांच्या गोळ्यांत मिसळलेले असते. निरोगी प्रौढासाठीही सर्व गोळ्या मिळून दिवसाकाठी ४ ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे. कृश वृद्धासाठी डॉक्टर ती आणखी खाली आणतात. नवी गोळी सुरू केल्यानंतर भोवळ, गुंगी, विस्मरण किंवा पडणे यांपैकी काही घडले, तर ते वयाच्या खाती न टाकता डॉक्टरांना कळवावे. मद्यपान करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की, साठीनंतर तेवढेच मद्य रक्तात अधिक प्रमाणात राहते.

वयाचा परिणाम आणि रोग यांचीही गल्लत होऊ देऊ नये. यकृतात चरबी साचण्याचा विकार आपल्या देशात वाढत आहे. २०२१ मध्ये भारत सरकारने असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला. हा विकार वार्धक्याचा अटळ भाग नव्हे. मिताहार, वजनावर नियंत्रण आणि रोजचे चालणे यांनी तो पुष्कळ अंशी टाळता येतो व आरंभीच्या अवस्थेत मागेही हटविता येतो. डोळे पिवळे होणे, पोटात पाणी साठणे किंवा रक्ताची उलटी होणे ही लक्षणे कोणत्याही वयात वयाची नसून रोगाचीच असतात. त्यांसाठी विनाविलंब रुग्णालय गाठावे.

लक्ष्मीबाई नगरपासून थोड्याच अंतरावर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या दारात देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. त्यांत वृद्धांची संख्या यापुढे वाढतच जाणार, कारण आपल्या देशातील माणसाचे आयुर्मान वाढले आहे. वाढलेली ही वर्षे सुखाची जावीत यासाठी नव्या औषधांची गरज आहेच. पण जुनी औषधे योग्य मात्रेत देण्याची गरज त्याहून कमी नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या यकृतातही तीन वर्षांहून लहान अशा पेशी अहोरात्र काम करीत असतात. त्यांच्यापर्यंत येणारा ओघ मंदावला आहे, एवढे ओळखून त्यांच्यावर बेताचेच ओझे टाकले, तर त्या आपले काम अखेरपर्यंत चोख बजावू शकतात.